भारताचा फुटबॉल संघ का अडखळतो: प्रशिक्षक कमी पडतो की खेळाडू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५. मडगावचं फातोर्डा मैदान. चौदाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेनं गोल केला आणि वाटलं, आज जमतंय. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरनं बरोबरी साधली, उत्तरार्धात दुसरा गोल मारला आणि सामना २-१ असा खिशात घातला. २०२७ च्या आशियाई चषकाचं दार आपल्यासाठी त्याच रात्री बंद झालं. तेव्हापासून जो भेटेल तो एकच विचारतो: कोच बदलायचा की खेळाडू? उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देऊन माझंच समाधान होत नाही, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. बहुतेक प्रश्न पुरुषांच्या संघाबद्दल आहेत.

आधी सरळ उत्तर द्या. दोष कोणाचा?

आधी खेळाडूंच्या दर्जाचा, मग प्रशिक्षकाचा, आणि या दोघांत अंतर बरंच आहे. पण दर्जा कमी आहे म्हणताना मी त्या मुलांना बोल लावत नाही. आठ ते अठरा या वयात मुलगा किती सामने खेळला आणि त्या वयात त्याला कोणी शिकवलं, यावर त्याचा दर्जा ठरतो. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाकडे तो पोचतो तेव्हा तो चोवीस-पंचवीस वर्षांचा झालेला असतो. चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते पाहायचं, ही सवय त्या वयात लावता येत नाही. ती दहाव्या-अकराव्या वर्षी लागलेली असावी लागते.

हे कशावरून म्हणता?

याच पात्रता फेरीवरून. आशियाई चषकाच्या या गटात आपल्याबरोबर हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश होते. गट पडले तेव्हा तिघंही फिफाच्या क्रमवारीत आपल्या खाली होते. पहिले दोन सामने मानोलो मारक्वेझ यांच्या हाताखाली झाले: मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-०, जूनमध्ये हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१. मग प्रशिक्षक बदलला. ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. त्यानंतरचे तीन सामने: सिंगापूरमध्ये १-१, मडगावला १-२, ढाक्यात बांगलादेशकडून ०-१.

एकाच मोहिमेत दोन प्रशिक्षक, दोघांचे स्वभाव वेगळे, खेळवण्याची रीत वेगळी. मारक्वेझ यांना चेंडू पायाशी ठेवून हल्ला बांधायला आवडतं. जमील आधी मागचं दार लावून घेतात. पहिल्या पाच सामन्यांत मिळून गोल दोन, गुण दोन. प्रशिक्षक हेच मुख्य कारण असतं तर या दोन तुकड्यांत काहीतरी ठळक फरक दिसला असता.

मागं गेलं तरी चित्र तेच. २०११ च्या आशियाई चषकात बॉब हॉटन यांच्या संघानं तीन सामन्यांत १३ गोल खाल्ले. २०१९ ला स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या संघानं थायलंडला ४-१ हरवलं आणि पुढचे दोन्ही सामने गमावले. २०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये इगोर स्टिमाच यांचा संघ ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून एकही गोल न करता हरला. तीन प्रशिक्षक, नऊ सामने, एक विजय.

म्हणजे प्रशिक्षकानं काहीच फरक पडत नाही?

पडतो, आणि कधी कधी प्रचंड पडतो. २०२२ च्या विश्वचषकाला तीन महिने उरलेले असताना मोरोक्कोनं प्रशिक्षक बदलला. वालिद रेग्रागी आले, आधीच्या प्रशिक्षकाशी बिनसलेला हकीम झियेश परत आला आणि संघ उपांत्य फेरीत गेला. २०२४ च्या आफ्रिका चषकात तर यजमान आयव्हरी कोस्टनं भर स्पर्धेत प्रशिक्षकाला घरी पाठवलं. सहायक एमर्स फाए यांनी संघ हाती घेतला आणि चषक जिंकून दाखवला.

उलट बाजूही पाहा. सोन ह्युंग-मिन, ली कांग-इन अशी माणसं हाताशी असताना युर्गेन क्लिन्समन यांचा दक्षिण कोरिया त्याच सुमारास आशियाई चषकाच्या उपांत्य फेरीत जॉर्डनकडून ०-२ असा हरला. तिथे बोट प्रशिक्षकाकडेच दाखवायला हवं.

मोरोक्को, आयव्हरी कोस्ट, कोरिया या तिन्ही ठिकाणी मुख्य खेळाडू युरोपातल्या मोठ्या क्लबांत आठवड्याला आठवडा खेळून तयार झालेले होते. डब्यात धान्य भरलेलं होतं, प्रश्न स्वयंपाक्याचा होता. आपल्याकडे स्वयंपाकी बदलत राहतो आणि डबा तसाच राहतो.

आपल्याकडे प्रशिक्षकाचं काम कुठे दिसतं आणि खेळाडूंचा दर्जा कुठे?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण याचं उत्तर मैदानावर उघड्या डोळ्यांनी दिसतं.

१० सप्टेंबर २०१९ ला दोह्यात आपण कतारला ०-० रोखलं. कतार तेव्हा आशियाचा विजेता होता, आणि त्या रात्री आपल्याकडे कर्णधार सुनील छेत्रीही नव्हता. गुरप्रीत सिंग संधू गोलपोस्टसमोर उभा ठाकला होता आणि त्याच्या पुढे दहा जण शिस्तीत जागा धरून होते. देशभर आनंदीआनंद झाला. मी स्वतः पहाटेपर्यंत जागा होतो. त्यानंतर पाच आठवड्यांनी कोलकात्यात साठ हजारांच्या गर्दीसमोर बांगलादेशशी सामना होता. तिथे ८८ व्या मिनिटाला गोव्याच्या आदिल खाननं डोक्यानं गोल केला म्हणून १-१ अशी सुटका झाली. पुढच्या महिन्यात अफगाणिस्तानशीही १-१, तेही भरपाई वेळेतल्या गोलवर.

तोच प्रशिक्षक, जवळपास तेच खेळाडू. मग हे असं कसं?

बलाढ्य संघासमोर तुम्ही मागे सरकता, जागा आवळता, समोरचा काय करेल हे ओळखून आपली जागा सोडत नाही. हे काम चार-पाच दिवसांच्या सरावात शिकवता येतं. हे प्रशिक्षकाचं काम, आणि आपल्याला लाभलेल्या बहुतेक प्रशिक्षकांनी ते बरं केलं आहे. जमील यांनी तर पदार्पणातच, मध्य आशियातल्या काफा नेशन्स चषकात, ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला.

पण समोरचा संघच मागे जाऊन बसला की खेळ उलटतो. आता चेंडू तुमच्याकडे असतो. दोन बचावपटूंच्या मधल्या हातभर फटीतून पास द्यायचा, पाठीवर माणूस असताना चेंडू पहिल्याच स्पर्शात वळवायचा, अर्ध्या क्षणात फटका मारायचा. हे फळ्यावर खडूनं रेघा मारून येत नाही. त्यामुळे भारत कतारला रोखतो आणि बांगलादेशशी अडकतो. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्ताननं आपल्याला २-१ हरवलं तेव्हाही आघाडी आपण घेतली होती. नंतर चेंडू पायाशी ठेवून सामना आपल्या लयीत चालवायला कोणी नव्हतं.

रहीमसाहेबांच्या काळात आपण आशियाचे विजेते होतो. तेव्हा तर प्रशिक्षकामुळेच झालं ना?

सय्यद अब्दुल रहीम हे या देशानं पाहिलेले सर्वांत मोठे फुटबॉल प्रशिक्षक, यात मला शंका नाही. हैदराबादचे शिक्षक. १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण, १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून पुन्हा सुवर्ण. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्याचा आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा, हे आपल्याकडे अजून पुरेसं सांगितलं जात नाही.

जकार्ताची एक गोष्ट सांगतो. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मार लागून टाके पडले होते. तरीही उपांत्य आणि अंतिम सामन्यात रहीम यांनी त्यांना थेट आघाडीला उभं केलं, आणि दोन्ही सामन्यांत जर्नेल यांनी गोल केला. असा निर्णय घ्यायला छाती लागते. याला प्रशिक्षकाचं काम म्हणतात.

पण रहीम १९६३ मध्ये कर्करोगानं गेले. त्यानंतर १९६४ च्या आशियाई चषकात भारत दुसरा आला, १९७० च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्य मिळालं. ते नसतानाही पुढची काही वर्षं संघ टिकला, कारण पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, बलराम, थंगराज यांची पिढी आणि कोलकाता, हैदराबाद, मुंबईच्या स्पर्धांत तावून निघालेले तिच्यामागचे खेळाडू शिल्लक होते. तो साठा संपला तसे पदकंही संपली. रहीम यांची थोरवी यानं तसूभरही कमी होत नाही. मात्र आज रहीम परत आले तरी त्यांना त्यांचे चुनी आणि बलराम लागतील.

कॉन्स्टंटाइन यांनी क्रमवारी १७३ वरून ९६ वर आणली. हे प्रशिक्षकाचं यश नाही?

काही अंशी आहे. त्यांनी अनेक नव्या मुलांना संधी दिली आणि तंदुरुस्तीकडे लक्ष दिलं. सप्टेंबर २०१६ मध्ये अंधेरीच्या मैदानावर पोर्तो रिकोला ४-१ हरवलं तो सामना मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिला आहे. पण मार्च २०१५ चा १७३ हा आपला तळ होता. तळाला गेल्यावर जो येतो त्याच्या काळात आकडा वर जातोच. शिवाय तेव्हाच्या पद्धतीत कोणाशी आणि किती सामने खेळायचे हे हुशारीनं निवडलं तर क्रमवारीत लाभ होत असे. फिफानं ती पद्धत २०१८ मध्ये बदलली.

स्टिमाच यांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०२३ मध्ये इंफाळ, भुवनेश्वर, बंगळुरू अशा तीन स्पर्धा लागोपाठ जिंकल्या, जुलैत ९९ वा क्रमांक आला आणि सगळीकडे त्यांचं कौतुक झालं. या तिन्ही स्पर्धा घरच्या होत्या. पुढचं संपूर्ण २०२४ साल भारत एकही सामना जिंकला नाही आणि जूनमध्ये स्टिमाच यांना काढलं. एका वर्षात माणूस शहाण्याचा खुळा होत नाही. समोरचे संघ बदलले होते आणि बरेच सामने परक्या मैदानांवर होते.

मारक्वेझ एकाच वेळी एफसी गोवा आणि भारत दोन्ही सांभाळत होते. ते चूक नव्हतं?

चूकच होती. राष्ट्रीय संघाचं काम रविवारच्या उरलेल्या वेळात करायचं नसतं. आठ सामन्यांत मालदीवविरुद्धचा एकच विजय, हा त्यांचा हिशेब. पण पूर्ण वेळ दिला असता तर गोलांचा पाऊस पडला असता असं मला वाटत नाही.

मग मुळात आपले गोल का होत नाहीत?

मार्च २०२५ मध्ये, निवृत्त झालेल्या चाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीला परत बोलवावं लागलं. हट्ट म्हणून नाही. २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोल त्याचेच होते, १४. परतल्यावर पहिल्याच सामन्यात मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. मला छेत्रीबद्दल अपार आदर आहे. पण विशी-पंचविशीतला एकही मुलगा त्याच्या पुढे जाऊ शकला नाही, ही गोष्ट मनाला लागते.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. लीगच्या सुरुवातीच्या हंगामांत मैदानावर सहा परदेशी खेळाडू असत, मग पाच, २०२१-२२ पासून चार. पैसे मोजून परदेशी माणूस आणायचा तर क्लब कुठल्या जागेसाठी आणतो? जिथून सामना जिंकला जातो तिथल्या: मधला स्ट्रायकर, त्याच्या मागचा खेळ रचणारा, एखादा मध्य बचावपटू. उरलेल्या जागा, म्हणजे दोन्ही कडा, बाजूचे बचावपटू आणि गोलरक्षक, भारतीयांना. खुद्द छेत्रीलाही बंगळुरूत कित्येक सामने डाव्या कडेला खेळावं लागलं, कारण मध्ये व्हेनेझुएलाचा मिकू होता. आता भारताचा संघ मनाशी मांडून बघा. कडेनं पळणारे चांगले आहेत, गोलरक्षक चांगले आहेत. ज्या जागांवर आपली मुलं वर्षभर खेळतच नाहीत, नेमक्या त्याच जागा रिकाम्या आहेत. राष्ट्रीय प्रशिक्षकानं त्या आठ दिवसांत कशा भराव्यात?

परदेशी खेळाडू नकोतच, असं माझं म्हणणं नाही. त्यांच्याबरोबर खेळून आपली मुलं शिकली आहेत. पण दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये आणि राखीव संघांच्या स्पर्धांत तरी मधला स्ट्रायकर भारतीयच असेल, अशी सक्ती मी उद्या केली असती.

दुसरी बाजू सामन्यांच्या संख्येची. २०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघाला साखळीत १४ सामने मिळत आणि सगळी स्पर्धा अडीच महिन्यांत आटपत असे. २०२४-२५ ला तेरा संघ आणि प्रत्येकी २४ सामने झाले. जपानच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये त्याच सुमारास ३८. वर्षाला चौदा सामन्यांचा फरक दहा वर्षांच्या कारकिर्दीत एकशे चाळीस सामन्यांचा होतो. त्यात २०२५-२६ चा हंगाम अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार संपत आल्यानं वेळेवर सुरूच झाला नाही. ढाक्याला हरलेल्या संघातल्या अनेकांच्या पायांना लीगचा सामना लागून महिने लोटले होते. इथे व्यवस्थापनाला दोष द्यायला मी अजिबात कचरत नाही.

परदेशी प्रशिक्षक चांगला की भारतीय?

पासपोर्ट पाहून प्रशिक्षक निवडू नये. हॉटन, कॉन्स्टंटाइन इंग्लंडचे, स्टिमाच क्रोएशियाचे, मारक्वेझ स्पेनचे. प्रत्येकानं काही दिलं, काही राहिलं. मधल्या काळात गोव्याचे आर्मांदो कुलासो आणि सावियो मदेरा थोडा थोडा काळ होते. मदेरांनंतर थेट २०२५ मध्ये जमील, म्हणजे तेरा वर्षं कायमस्वरूपी भारतीय माणूस या खुर्चीवर नव्हता. जमील यांनी २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐजॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग, म्हणजे तेव्हाची राष्ट्रीय लीग, जिंकून दिली. त्याआधी कित्येक वर्षं ते मुंबई एफसी तुटपुंज्या साधनांत चालवत होते. हा माणूस कष्टानं वर आला आहे.

स्ट्रायकरचं दुखणं प्रशिक्षकांनाही आहे. सुपर लीगच्या क्लबांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून जवळपास सगळे परदेशीच घेतले. मोठ्या सामन्याच्या दडपणात निर्णय घेण्याचा अनुभव भारतीय प्रशिक्षकांना मिळणार कुठून?

राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिराला वेळ मिळत नाही, ही सबब आहे की कारण?

खरं कारण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी क्लबांनी खेळाडू सोडायला शेवटपर्यंत ताणून धरलं. संघ सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चीनमध्ये उतरला आणि दुसऱ्या दिवशी यजमानांकडून १-५ असा हरला. पण शिबिरानं बचाव सुधारतो, आपसांतली ओळख वाढते; पहिला स्पर्श सुधारत नाही. चार आठवडे मिळाले तर आपण ०-२ ऐवजी ०-१ हरू. तेही हवंच आहे, पण आपला मूळ प्रश्न त्यानं सुटत नाही.

दीडशे कोटींच्या देशात अकरा खेळाडू मिळत नाहीत?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्यात लोकांची तळमळ आहे हे मला कळतं. पण लोकसंख्या हा आकडाच चुकीचा आहे. दर आठवड्याला पंच, रेषा आणि जाळी असलेल्या मैदानावर सामना खेळणारी मुलं किती, हा आकडा धरायला हवा.

२०२६ च्या विश्वचषकाला कुरासाव हे कॅरिबियन समुद्रातलं छोटं बेट पात्र ठरलं. तिथे माणसं दीड लाखाच्या आसपास; आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षा कमी. पण त्यांचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्सच्या अकादम्यांत वाढलेले. आपल्याच देशात पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार मिझोरामची लोकसंख्या सुमारे अकरा लाख, मणिपूरची साडेअठ्ठावीस लाख, गोव्याची साडेचौदा लाख. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक आपल्याकडे झाला तेव्हा भारताच्या २१ जणांच्या संघात आठ मुलं मणिपूरची होती. त्या स्पर्धेत भारताचा एकमेव गोल करणारा जिक्सन सिंगही तिथलाच. ऐजॉलमध्ये संध्याकाळी मुलं कुठे असतात आणि आपल्याकडच्या शहरांत कुठे असतात, एवढा विचार केला तरी पुरे.

कोल्हापूर तर फुटबॉलवेडं आहे. मग महाराष्ट्रातून खेळाडू का येत नाहीत?

कोल्हापूरचं वेड खरं आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार किंवा शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम भिडतात तेव्हा पेठांच्या पेठा रस्त्यावर येतात. घराघरात तालमीचा झेंडा असतो. असा जिव्हाळा पैशानं विकत मिळत नाही.

पण ही सगळी ताकद मोठ्यांच्या सामन्यांत आहे. दहा, बारा, चौदा वर्षांखालील मुलांची वर्षभर चालणारी साखळी स्पर्धा त्याच जोमानं उभी राहायला हवी. २०१७ च्या त्याच विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पण त्याचं घडणं पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झालं. पोराला घर सोडून जावं लागलं.

पुण्या-मुंबईचं दुःख वेगळं आहे. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी. २०१५ ते २०१९ या काळात पुण्यातले हे चारही संघ गेले. मुंबई एफसीही त्याच सुमारास गेला. २०१६ मध्ये गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. प्रत्येक बंद झालेल्या संघामागे त्याच्या वयोगटांच्या संघांतली मुलं असतात. चौदाव्या वर्षी विखुरलेला मुलगा पंचविसाव्या वर्षी निळ्या जर्सीत दिसणार नाही. या हरवलेल्या मुलांची कुठे नोंद नसते, पण फातोर्ड्याला त्या रात्री तीच कमी पडली, असं मला मनापासून वाटतं.

मी शनिवार-रविवार लहान मुलांना शिकवतो. एका आंतरशालेय स्पर्धेला आम्ही पहाटे निघून चार तासांचा प्रवास करून गेलो. बाद पद्धत होती. वीस-वीस मिनिटांचा एक सामना, पेनल्टीवर हार, आणि परतीची गाडी. माझ्या बारा मुलांचा त्या वर्षीचा तो एकमेव अधिकृत सामना होता. परत येताना एकानं विचारलं, "सर, आता परत कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परदेशातले भारतीय वंशाचे खेळाडू घेतले तर?

आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि २००८ पासूनच्या धोरणानुसार भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. म्हणजे आपलं नागरिकत्व सोडूनच यावं लागतं. पुणे एफसीकडून खेळलेला, जपानमध्ये वाढलेला इझुमी अराता तसा आला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा रायन विल्यम्स आला. त्याच्या आईकडची मुळं मुंबईतली. अशांचं स्वागतच आहे. संघ त्यानं एक पायरी वर जाईल. पण एखाद-दुसऱ्या माणसानं मुलांची साखळी स्पर्धा उभी राहत नाही.

खेळाडूंना क्लबकडून भरपूर पैसा मिळतो, म्हणून ते देशासाठी झटत नाहीत, हे खरं?

नाही. मडगावला सामना संपल्यावर गवतावर बसलेल्या मुलांचे चेहरे ज्यांनी पाहिले त्यांनी हे म्हणू नये.

कुणाकडून शिकावं?

उझबेकिस्तानकडून. श्रीमंत देश नाही, लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास. विश्वचषकाच्या दारात येऊन ते अनेकदा परतले. २०१३ मध्ये जॉर्डनकडून पेनल्टीवर हरले तेव्हा सगळा देश रडला असेल. त्या काळात त्यांनीही प्रशिक्षक बदलले. पण खालचं काम थांबवलं नाही. २०१८ मध्ये तेवीस वर्षांखालील, २०२३ मध्ये वीस वर्षांखालील, २०२५ मध्ये सतरा वर्षांखालील आशियाई विजेतेपद. २०२४ मध्ये पहिल्यांदा ऑलिंपिकचं फुटबॉल. जून २०२५ मध्ये मोठ्यांचा संघ पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरला, तेव्हा बाकावर त्यांचाच जुना खेळाडू तिमूर कपाद्झे होता. आधीचे प्रशिक्षक स्रेच्को कातानेच आजारपणामुळे मध्येच सोडून गेले होते. मोहिमेच्या मध्यावर प्रशिक्षक बदलूनही गाडी रुळावरून घसरली नाही, कारण मागून येणारा खेळाडू तयार होता.

महिला संघाचं काय?

५ जुलै २०२५ ला चियांग माईमध्ये संगीता बासफोरच्या दोन गोलांवर त्यांनी थायलंडला २-१ हरवलं आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात पहिल्यांदा जागा मिळवली. प्रशिक्षक होते दार्जिलिंगकडचे क्रिस्पिन छेत्री. पुरुषांच्या तुलनेत नगण्य पैसा आणि त्याहून कमी सामने असताना हे झालं. त्यांना नियमित लीग मिळाली तर त्या पुरुषांच्या आधी विश्वचषकाला पोचतील असं मला वाटतं.

पुढचा सामना बघताना प्रशिक्षकाचं काम चांगलं की वाईट, हे ओळखायचं कसं?

निकाल बाजूला ठेवा. चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत आपले खेळाडू काय करतात ते बघा. सगळे एकत्र धावतात की एकटा-दुकटा? कॉर्नर आणि फ्री-किकवर काही ठरवलेलं दिसतं का? साठाव्या मिनिटानंतर केलेल्या बदलांनी खेळाची दिशा बदलते का? हे तिन्ही प्रशिक्षकाच्या हातात आहे, आणि यात कसूर दिसली तर त्याला जरूर धारेवर धरा. गोलपासून सहा यार्डांवर मोकळा उभा असलेला खेळाडू चेंडू आकाशात मारतो तेव्हा मात्र कॅमेऱ्याबरोबर प्रशिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघू नका.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला फुटबॉल खेळायचं आहे. अकादमी निवडताना काय विचारू?

जर्सी, परदेशी क्लबचं नाव, कृत्रिम हिरवळ हे सगळं नंतर. आधी विचारा: वर्षाला सामने किती? वीसपेक्षा कमी सांगितले तर दुसरी अकादमी शोधा. मग विचारा, सामने किती जणांचे? नऊ वर्षांच्या मुलांना मोठ्या मैदानावर अकरा-अकरा खेळवणारे त्यांना फक्त पळवतात. पाच-पाच किंवा सात-सात हवेत, म्हणजे चेंडू पायाला लागतो. लहान मुलांना शिकवणाऱ्याकडे महासंघाचा प्रशिक्षण परवाना आहे का ते पाहा, आणि बाकावरच्या मुलांना तो किती वेळ खेळवतो तेही.

आमच्याकडे त्या एका सामन्याच्या स्पर्धेनंतर आसपासच्या चार गटांना एकत्र बोलावलं आणि रविवार ठरवून टाकले. चुन्याच्या रेषा आम्हीच मारतो, जाळ्या वर्गणीच्या, पंच म्हणून कॉलेजची मुलं. गेल्या पावसाळ्यापासून प्रत्येक मुलाचे सव्वीस सामने झाले. मागच्या रविवारी अकरा वर्षांच्या एका मुलीकडे पास येत होता. चेंडू पोचायच्या आधी तिनं मान वळवून मागे पाहिलं आणि पहिल्याच स्पर्शात मोकळ्या बाजूला वळली. असं करायला तिला मी त्या दिवशी सांगितलं नव्हतं.